इतकी वर्षं गेम बनवून झाल्यावर खेळायची मजा उरते का? (आणि सुरुवात कुठून करावी याचं लांबलेलं उत्तर)

मी गेम बनवतो, म्हणून लोक मला जे विचारतात ते प्रश्न तीन आहेत खरं तर. एक, रोज गेम बनवणाऱ्याला गेम खेळायला अजून मजा येते का. दोन, ज्याला खेळायला जाम आवडतं पण कोडिंग जेमतेम येतं त्याने सुरुवात कुठून करायची आणि कोणतं इंजिन (ज्यावर गेम बनवतात ते तयार सॉफ्टवेअर) घ्यायचं. आणि तिसरा, जो सगळ्यात जास्त लोक विचारतात, की माझ्या डोक्यात एका मोठ्या ओपन वर्ल्ड गेमची पूर्ण स्टोरी तयार आहे, ती कोणाला सांगू, चोरली तर काय.

शेवटच्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. कोणी चोरणार नाही. खरंच. या धंद्यात प्रत्येकाकडे स्वतःच्याच आयडियांची अडगळ इतकी असते की दुसऱ्याची आयडिया उचलायला जागाच नसते, आणि मुळात आयडिया म्हणजे गेम नव्हे. टेट्रिसची आयडिया सांगायला किती वेळ लागतो? वरून तुकडे पडतात, ओळ भरली की गायब होते. संपलं. अलेक्सी पाजितनोव्हनी तो मॉस्कोमध्ये १९८४ च्या सुमारास एलेक्ट्रोनिका ६० नावाच्या मशीनवर केला तेव्हा त्यावर ग्राफिक्स नावाचा प्रकारच नव्हता, कंसाची चिन्हं एकमेकांना चिकटवून त्यांनी ठोकळे दाखवले होते, तरी लोक हातातलं काम टाकून खेळत बसले. तुम्ही जर मला दहा पानांची स्टोरी सांगितलीत, राजा, शाप, हरवलेलं राज्य वगैरे, तर मी एकच विचारणार की खेळणाऱ्याचा अंगठा दर सेकंदाला काय करतोय? त्याचं उत्तर असेल तर पुढे बोलू. नसेल तर तुमच्याकडे कादंबरी आहे, तीही वाईट गोष्ट नाही, पण ती कादंबरी आहे.

इंजिनबद्दल लोक तावातावाने भांडतात, मला त्यात फार रस नाही. गोडो घ्या, फुकट आहे, २०१४ पासून ओपन सोर्स आहे म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, छोट्या टूडी गेमसाठी मस्त आहे. युनिटी घ्या, शिकायला प्रचंड साहित्य आहे, फक्त २०२३ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी दर इन्स्टॉलमागे पैसे घ्यायचं जाहीर करून सगळ्यांची झोप उडवली होती आणि वर्षभराने ते मागे घेतलं, तेव्हापासून बरेच जण थोडे सावध झालेत. अनरीअल घ्या जर थ्रीडीचं आणि दिसण्याचं वेड असेल तर. गेममेकरला लोक नाकं मुरडतात पण अंडरटेल (२०१५) हा गाजलेला गेम त्यातच बनलाय. इंजिन निवडण्यात दोन महिने घालवणारे लोक मी पाहिलेत, त्या दोन महिन्यांत तीन छोटे गेम झाले असते. कुठलंही घ्या आणि सहा महिने बदलू नका, बस.

आता सुरुवात. माझं सांगणं एवढंच आहे की एक चौकोन घ्या आणि त्याला उडी मारायला लावा. हसू नका. या एका उडीत जेवढं गेम डेव्हलपमेंट शिकता येतं तेवढं कोर्स करून येत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्यांदा सगळे काय करतात, तर शाळेत शिकलेली ग्रॅव्हिटी टाकतात, ९.८. आणि चार मीटर उंच उडेल इतका वेग देतात. मग प्ले दाबतात आणि तो चौकोन वर जातो.... जातो.... तरंगतो.... आणि मग आरामात खाली येतो, फुग्यासारखा. गणित करून बघा, चार मीटर वर जायला जवळपास ०.९ सेकंद लागतात आणि यायला तेवढेच, म्हणजे पावणेदोन सेकंदांच्या वर तुमचा खेळाडू हवेत लटकलाय आणि काहीच करू शकत नाहीये. भौतिकशास्त्र बरोबर आहे, गेम बेकार आहे. म्हणून आम्ही उलटं करतो. आधी ठरवायचं की उडी किती उंच हवी आणि टोकाला पोचायला किती वेळ लागावा, आणि त्यावरून ग्रॅव्हिटी काढायची. उंचीची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग म्हणजे ग्रॅव्हिटी, आणि उंचीची दुप्पट भागिले वेळ म्हणजे उडीचा सुरुवातीचा वेग. चार युनिट उंची, ०.४ सेकंद वेळ धरला तर ग्रॅव्हिटी येते ५० आणि वेग २०. म्हणजे पृथ्वीच्या पाचपट ग्रॅव्हिटी, आणि हाताला मात्र एकदम नैसर्गिक लागते! मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी अर्धा दिवस नुसता त्या चौकोनाला उड्या मारायला लावत बसलो होतो, दुसरं काही केलं नाही.

मग पुढची पायरी, पडताना ग्रॅव्हिटी अजून वाढवा, दीडपट, दुप्पट, बघा कसं वाटतं. बटण लवकर सोडलं तर उडी तिथेच तोडा म्हणजे छोटी उडी आणि मोठी उडी असे दोन प्रकार एकाच बटणात येतात. टोकाजवळ असताना ग्रॅव्हिटी क्षणभर निम्मी करा म्हणजे हवेत असताना दिशा ठरवायला जरासा श्वास मिळतो. आणि मग येतो माझा आवडता प्रकार, ज्याला सगळे कोयोटी टाइम म्हणतात. ते कार्टून असतं ना, कोल्ह्यासारखा प्राणी कड्यावरून पुढे पळत जातो आणि खाली बघेपर्यंत पडतच नाही, त्यावरून नाव. म्हणजे खेळाडू प्लॅटफॉर्मवरून घसरला तरी पुढचा थोडासा वेळ आपण त्याला उडी मारू देतो. सेलेस्ट (२०१८) हा गेम बनवणाऱ्यांनी आपल्या पात्राचा कोड लोकांसाठी उघडाच ठेवलाय, त्यात हा वेळ ०.१ सेकंद आहे, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावर एकामागोमाग दिसणारी चित्रं) या हिशोबाने सहा फ्रेम. त्याचाच जुळा भाऊ म्हणजे जम्प बफर, जमिनीला पाय टेकायच्या जरा आधी बटण दाबलं तर ते लक्षात ठेवायचं आणि टेकल्या टेकल्या उडी द्यायची.

आता गंमत बघा. हे दोन्ही काढून टाकून मी एका मित्राला गेम खेळायला दिला, तो दहा मिनिटांत म्हणाला 'कंट्रोल खराब आहेत, मी बटण दाबतो पण उडत नाही'. मी रेकॉर्डिंग काढून फ्रेम बाय फ्रेम बघितलं, तो प्रत्येक वेळी उशिराच दाबत होता, तीन-चार फ्रेम. चूक त्याचीच होती. पण त्याला ती चूक गेमची वाटत होती आणि त्याचं वाटणं हेच खरं, कारण खेळणारा तो आहे. कोयोटी टाइम परत टाकला, काहीच न सांगता परत दिला, तर म्हणे 'आता नीट केलंस वाटतं, काय केलंस?' मी म्हटलं काही नाही रे, बग होता एक.

तर हे असं आहे. आमच्या कामाचा अर्धा भाग म्हणजे खेळाडूशी प्रेमाने खोटं बोलणं.

उडी झाली की मित्राच्या कॉम्प्युटरवर चालवून बघा, आणि हे मी स्वतः तोंडावर आपटून शिकलोय. माझ्या पहिल्या गेममध्ये मी लिहिलं होतं की दर फ्रेमला पाच पिक्सेल पुढे सरक. माझ्या मॉनिटरवर ६० फ्रेम, म्हणजे सेकंदाला ३०० पिक्सेल, छान चाललं होतं, सगळ्या लेव्हल त्याच हिशोबाने मांडल्या होत्या, खड्ड्यांची रुंदी वगैरे. मग एकाकडे दाखवायला नेला, त्याचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ फ्रेम. प्ले दाबलं आणि माझा हिरो सेकंदाला ७२० पिक्सेलने सुटला, पहिल्या दोन शत्रूंच्या अंगावरून जाऊन भिंतीतून आरपार. चार लोक बघत होते. मी म्हणालो हा टर्बो मोड आहे. कोणी हसलं नाही.

उपाय सोपा आहे, सरकण्याचा वेग सेकंदात लिहायचा आणि मागच्या फ्रेमला किती वेळ लागला त्याने गुणायचं, ज्याला डेल्टा टाइम म्हणतात, आणि फिजिक्सचं सगळं वेगळ्या ठरलेल्या ठोक्यावर चालवायचं. युनिटीत तो ठोका तुम्ही मुद्दाम बदलला नाहीत तर सेकंदाला ५० वेळा असतो, गोडोत ६० वेळा. भिंतीतून आरपार जाण्याचं कारणही हेच, गोळी एका ठोक्यात एक युनिट पुढे जात असेल आणि भिंत अर्ध्या युनिटची असेल तर गोळी एकदा भिंतीच्या अलीकडे दिसते आणि पुढच्या वेळी थेट पलीकडे, मध्ये ती भिंतीला शिवलेलीच नाही. भिंत जाड करा नाहीतर मधला रस्ता तपासा. आणि ६० फ्रेम म्हणजे तुमच्याकडे एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद आहेत, त्यात इनपुट, शत्रू, फिजिक्स, आवाज, चित्र सगळं बसवायचंय. हा आकडा पाठ होतो आपोआप.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते म्हणजे दुसऱ्याला खेळताना बघणं. प्लेटेस्ट. याचा एकच नियम, तोंड बंद. 'अरे तिकडे नाही, तो लिव्हर ओढ' असं म्हणायचं नाही, कारण तुम्ही काही प्रत्येक खेळाडूच्या घरी सोफ्यावर शेजारी बसणार नाही आहात.

माझ्या एका गेममध्ये एक खोली होती. दरवाजा बंद, डावीकडे भिंतीवर लिव्हर, ओढला की दरवाजा उघडतो, याला कोडं म्हणणंसुद्धा जास्त होईल. उजव्या कोपऱ्यात मी एक दिवा टांगला होता, नुसता शोभेला, खोली फार अंधारी दिसत होती म्हणून. एक मुलगी खेळायला बसली, चांगली सराईत खेळाडू, खोलीत आली आणि थेट दिव्याकडे गेली. दिव्याखाली उडी मारली. परत मारली. भिंतीला चिकटून उडी मारली, बसून बघितलं, दिव्यावर दगड फेकून बघितला. मी मागे खुर्चीत, दोन्ही हात मांडीखाली दाबून. अकरा मिनिटं! अकरा मिनिटांनी ती म्हणाली 'हा गेम अडकलाय बहुतेक', आणि कंट्रोलर ठेवला. लिव्हरचा रंग भिंतीच्या रंगासारखाच होता हे मला आठ महिन्यांत दिसलं नव्हतं कारण मला माहीत होतं ना तो कुठे आहे. त्या रात्री मी फक्त दिवा उचलून लिव्हरच्या वर टांगला. कोड एक ओळ बदलला नाही, चित्र नवीन काढलं नाही. पुढच्या सहा जणांनी त्या खोलीत दहा सेकंदसुद्धा घालवले नाहीत. उजेड म्हणजे खेळाडूला दिलेलं आमंत्रण असतं, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

सुपर मारिओ ब्रदर्स (१९८५) ची पहिली लेव्हल एवढी वर्षं लोक उदाहरण म्हणून का देतात ते असं काही झालं की कळतं. डावीकडे जायला वाव नाही, उजवीकडे मोकळी जागा, चालायला लागलात की समोरून गूम्बा नावाचा एक छोटा शत्रू येतो, आणि तुम्ही एकतर त्याला आपटून मरता नाहीतर घाबरून उडी मारता, मेलात तरी नुकसान पाच सेकंदांचं. एक अक्षर न लिहिता चालणं, उडणं, शत्रू, मरण शिकवून झालं. आणि हे सगळं ४० किलोबाइटमध्ये बसवायचं होतं, म्हणून त्यातले ढग आणि झुडपं हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललाय. आज एखाद्या गेममधलं एक टेक्स्चर, म्हणजे वस्तूवर चढवायचं फोटोएवढं चित्र, त्याच्या कितीतरी पट असतं. मी काही जुनं ते सोनं म्हणणाऱ्यातला नाही, जुने बरेच गेम आता खेळवत नाहीत, पण हात बांधलेले असले की डोकं चालतं हे मात्र खरं.

शत्रूंच्या अक्कलहुशारीचंही तसंच. नवीन लोक येतात आणि म्हणतात मला एआय खूप स्मार्ट करायचाय. कशाला? पॅक-मॅन (१९८०) मधली चार भुतं बघा. लाल भूत तुम्ही जिथे आहात तिथे येतं, गुलाबी तुमच्या तोंडासमोर चार घरं पुढे जायला बघतं, निळं लाल भूत कुठे आहे त्यावरून जागा ठरवतं, आणि केशरी भूत लांब असेपर्यंत पाठलाग करतं पण जवळ आलं की घाबरल्यासारखं आपल्या कोपऱ्यात पळतं. एवढंच. चार साधे नियम, आणि खेळणाऱ्याला वाटतं की ही भुतं आपल्याला घेरायला एकत्र कट करतायत. त्यात गुलाबी भुतामध्ये एक बगही आहे, तुम्ही वर बघत असाल तर ते चार घरं वर आणि शिवाय चार घरं डावीकडे असं लक्ष्य धरतं. आणि २५६ व्या लेव्हलला आकडा आठ बिटमध्ये (म्हणजे ० ते २५५ मध्ये) मावत नाही म्हणून अर्धा स्क्रीन कचऱ्याने भरून जातो. (याच्याच नावाखाली ती सिव्हिलायझेशन या गेममधल्या गांधींच्या अणुबॉम्बची गोष्ट फिरते ना, की आकडा शून्याच्या खाली जाऊन २५५ झाला आणि गांधी एकदम युद्धखोर झाले, ती खुद्द तो गेम बनवणाऱ्या सिड मायरनी २०२० मध्ये खोटी म्हणून सांगितलीय. मी स्वतः ती वर्षानुवर्षं ज्युनियर लोकांना सांगत होतो, काय बोलणार.)

बगचा विषय निघालाच आहे तर, सगळे बग शत्रू नसतात. स्पेस इन्व्हेडर्स (१९७८) मध्ये परग्रहवासी मरत जातात तसे उरलेले वेगाने यायला लागतात, छातीत धडधड व्हायला लागते, तो परिणाम मुळात प्रोसेसर कमी पडत होता म्हणून आलाय. काढायची चित्रं कमी झाली की मशीन मोकळं होऊन जोरात पळायचं. गेम बनवणाऱ्या निशिकादोंनी ते तसंच ठेवलं. स्ट्रीट फायटर टू (१९९१) मधले कॉम्बो (एकामागोमाग जोडून मारलेले फटके) पण असेच, टेस्टिंगमध्ये लक्षात आलेली फट होती, ठेवून दिली, आज अख्खा फायटिंग गेम प्रकार त्यावर उभा आहे. क्वेक या गोळीबाराच्या गेममध्ये लोक स्वतःच्या पायाशी रॉकेट मारून उंच उडायला लागले. आणि ड्वार्फ फोर्ट्रेस नावाच्या गेममधल्या मांजरांची गोष्ट तर मला कितीही वेळा सांगायला आवडते. त्यात गुत्ते आले तेव्हा मांजरं पटापटा मरायला लागली. शोधता शोधता सापडलं असं की जमिनीवर सांडलेली दारू मांजरांच्या पंजांना लागायची, मग ती पंजे चाटून साफ करायची, आणि प्रत्येक चाटण्यागणिक त्यांच्या पोटात अख्खा पेलाभर दारू मोजली जायची. प्रत्येक नियम वेगळा बघितला तर शहाणा आहे, मिळून मांजर मेलं. तुमच्या गेममध्ये असं काही झालं तर लगेच फिक्स करायला धावू नका, आधी दोन मिनिटं बघा की ही मजा तर नाही.

आता कटू भाग. पूर्ण करणं.

माझ्याकडे एक फोल्डर आहे, नाव सांगत नाही, त्यात एकोणीस अर्धवट गेम आहेत. सगळ्यात मोठा दोन वर्षं चालला. त्यात मी काय केलं माहितीये, इन्व्हेंटरी बनवली, म्हणजे खेळाडूकडच्या वस्तू ठेवायची पेटी. झकास इन्व्हेंटरी, वस्तूंना वजन, टिकाऊपणा, सहा प्रकारे सॉर्टिंग, ओढून दुसऱ्या खान्यात टाकता यायचं. त्या इन्व्हेंटरीत ठेवायला वस्तू होत्या तीन. आणि त्या वस्तू वापरायला जगात जागा नव्हती, कारण जग बनवलंच नव्हतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, शुद्ध! असं का होतं, तर इन्व्हेंटरीचं काम सुटसुटीत असतं, झालं की नाही ते कळतं, छान वाटतं. 'हा गेम खेळायला मजा येते का' या प्रश्नाला मात्र असं हिरवं टिकमार्क नसतं, म्हणून माणूस त्याच्यापासून लांब पळत राहतो आणि मेनूचं अ‍ॅनिमेशन सुधारत बसतो.

म्हणून गेम जॅम करा, म्हणजे ठरलेल्या थोड्या वेळात गेम बनवायचा उपक्रम. लुडम डेअर २००२ पासून चालू आहे, त्याचा स्पर्धेचा प्रकार ४८ तासांचा, एकट्याने, सगळं शून्यापासून. दोन दिवसांत जे होतं ते भिकार असतं पण त्याला सुरुवात असते, शेवट असतो, हरलात तर परत सुरू करायचं बटण असतं. आणि हे 'परत सुरू करा' बटण पहिल्यांदा बनवताना जी फजिती होते, शत्रू दुप्पट होतात, स्कोअर आधीचाच राहतो, म्युझिक दोनदा वाजायला लागतं, ती अर्धवट प्रोजेक्टमध्ये कधीच भेटत नाही. सेव्ह, पॉज, सेटिंग, कंट्रोलर मध्येच काढला तर काय, विंडो छोटी केली तर काय, ही शेवटची कामं यादीत चार ओळींची दिसतात आणि माझ्या हिशोबाने अख्ख्या कामाचा तिसरा हिस्सा खातात.

कोणीतरी लगेच स्टारड्यू व्हॅलीचं उदाहरण देईल, की एरिक बरोननी एकट्याने सगळं केलं, कोड, चित्रं, संगीत, लेखन. केलं, आणि त्याला साधारण साडेचार वर्षं लागली, २०१६ मध्ये आला तो गेम. मला त्या माणसाबद्दल अपार आदर आहे, पण त्याच साडेचार वर्षांत तेवढीच मेहनत करून ज्यांचं कोणी नाव घेतलं नाही ते लोक मुलाखती देत नाहीत, म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत. दुसऱ्या टोकाला अटारीचा ई.टी. (१९८२), साधारण पाच आठवड्यांत एकट्या माणसाकडून करून घेतला, सिनेमाच्या नावावर सणासुदीला विकायचा म्हणून, आणि नंतर न खपलेल्या कार्ट्रिज न्यू मेक्सिकोत कचऱ्याच्या खड्ड्यात पुरल्या, २०१४ मध्ये उकरून काढल्या तेव्हा सापडल्यासुद्धा. लोक तो जगातला सगळ्यात वाईट गेम म्हणून हसतात. मला हसू येत नाही, पाच आठवड्यांत चालणारा गेम उभा केला त्या माणसाने, आणि तारीख त्याने ठरवली नव्हती. मी स्वतः एका ठिकाणी सलग तीन महिने रात्री अकरा-बाराला घरी गेलोय अशाच दुसऱ्याने ठरवलेल्या तारखेपायी, आणि शेवटच्या महिन्यात आम्ही जेवढे बग काढले त्याहून जास्त घातले. झोपेत लिहिलेला कोड सकाळी परत लिहावा लागतो, एवढं साधं गणित मॅनेजरच्या शीटमध्ये बसत नाही.

विकण्याबद्दल मी थोडक्यात सांगतो कारण मला ते नीट जमत नाही. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान साधारण ३० टक्के घेतं. खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर गेम परत करता येतो, खेळणाऱ्यासाठी छान, पण तुमचा गेमच दीड तासाचा असेल तर जरा पोटात गोळा येतो. पेज लवकर टाका, गेम पूर्ण व्हायच्या कितीतरी आधी, म्हणजे लोक विशलिस्ट (नंतर घ्यायच्या गेमची यादी) करू शकतात. आणि नशीब नावाची गोष्ट आहे हे मान्य करा, अमंग अस २०१८ मध्ये आला आणि दोन वर्षं जवळजवळ कोणाला पत्ता नव्हता, २०२० मध्ये अचानक सगळं जग त्यात एकमेकांवर खुनाचे आरोप करत बसलं. गेम तोच होता.

आणि कृपा करून पहिल्याच गेममध्ये रोज लॉगिन करा आणि चमकणारी पेटी उघडा असले प्रकार घालू नका. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या लूट बॉक्सना सरळ जुगारात धरलं, ते मला बरोबर वाटतं. मी असल्या एका प्रोजेक्टवर काम केलंय, खोटं कशाला बोलू. तिथे मीटिंगमध्ये 'मजा' हा शब्द कोणी उच्चारत नव्हतं, 'सातव्या दिवशी किती टक्के लोक परत आले' एवढंच चालायचं, आणि पेटी उघडायच्या आधी ती किती वेळ थरथरावी यावर आम्ही एक अख्खी दुपार घालवली. उडीवर घालवलेली दुपार आणि ती दुपार, दोन्हीत काम तेच होतं बघा, फ्रेम मोजणं, आवाज बसवणं, आणि तरी एकीनंतर मी उड्या मारत घरी गेलो आणि दुसरीनंतर अंघोळ करावीशी वाटली.

राहिला पहिला प्रश्न, खेळायची मजा. बदलते. पहिली चार-पाच वर्षं तर नासतेच म्हणा. कुठलाही गेम लावला की मी आधी भिंतीला घासून चालतो, कोपऱ्यात कॅमेरा अडकतो का बघतो, पाण्यात पाय टाकून लहरी येतात का बघतो, पात्राची सावली बरोबर पडते का बघतो. लिफ्ट लागली की मला कळतं की यांनी इथे पुढची लेव्हल लोड करायचा वेळ काढलाय. दोन दगडांच्या मधल्या फटीतून हिरो अंग चोरून हळूहळू सरकतो ना, बऱ्याचदा तेही त्याच्यासाठीच. बायको शेजारी बसून खेळताना म्हणते, तू खेळतोयस की तपासणी करतोयस. आणि कठीण गेम सोपा करून खेळायची आता लाज वाटत नाही, सेलेस्टमध्ये असिस्ट मोड आहे त्यात गेमचा वेग कमी करता येतो, मी एका चॅप्टरला केला, माझी प्रतिक्रिया देण्याची गती विशीतल्यासारखी राहिलेली नाही आणि मला पुढे काय होतं ते बघायचं होतं. ज्यांना हे पाप वाटतं त्यांनी पूर्ण वेगाने खेळावं, त्यांचा मोड काही कोणी काढून घेतलेला नाही. वाईट गेम मात्र मी मुद्दाम खेळतो, चांगल्या गेममध्ये शिवण दिसत नाही, वाईटात सगळे टाके बाहेर असतात.

पण मधूनच काहीतरी होतं. मागच्या महिन्यात एक छोटासा गेम लावला, दोन जणांनी बनवलेला, वीस मिनिटं बघू म्हणून. त्यात एक दरवाजा आहे, जवळ गेलं की पात्र आपोआप एक हात पुढे करतं, बटण दाबायच्या जरासं आधी. सेव्ह करताना घड्याळ बघितलं तर अडीच तास झाले होते आणि मी एकदाही भिंतीला घासून बघितलं नव्हतं. मग अर्थातच गेम परत चालू केला आणि त्या दाराजवळ पुढेमागे करत बसलो, की हात नक्की किती अंतरावर उचलला जातो. दीड पावलावर.